वेणा की वेण्णा? माझ्या नावाबद्दल मला रोज विचारले जाणारे प्रश्न

माझं नाव वेणा. सांगलीत मारुती चौकाजवळ माझं झेरॉक्स, डीटीपी आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान आहे. दिवसभर दुसऱ्यांची नावं टाइप करायची, आईचं, बापाचं, आडनाव, काना-मात्रा तपासायच्या, हाच धंदा. पण पाटीवर माझं नाव आहे, त्यामुळे गिऱ्हाईक स्वतःचा कागद काउंटरवर ठेवतं आणि आधी माझ्याच नावाची चौकशी करतं. अलीकडे तर मुलीसाठी "वेगळं, पण आपल्यातलं" नाव शोधणारे आईबापही मुद्दाम थांबून विचारतात. तेच तेच सांगून जीभ दुखली, म्हणून एकदा सगळं लिहून काढलं.

वेणा म्हणजे काय?

आधी नदी. महाबळेश्वरला उगम पावून मेढ्यावरून साताऱ्याकडे येणारी आणि माहुलीला कृष्णेत मिळणारी ती वेण्णा. जुन्या संस्कृत ग्रंथांत तिचं नाव वेणा, वेण्णा, वेण्या, वेणी असं वेगवेगळं येतं. आमच्या घरात नाव आलं ते या नदीवरूनच.

'वेणी'शी नातं जोडणारेही पुष्कळ आहेत. पाण्याचे पेड एकमेकांत गुंफून पुढे जातात म्हणून वेणी, आणि तीन प्रवाह एकत्र आले की त्रिवेणी. कानाला आणि डोळ्याला दोन्हीला पटणारा अर्थ आहे. बारशाच्या पत्रिकेवर हाच छापावा, कुणी वाद घालत नाही.

तिसरा अर्थ संस्कृत शिकवणाऱ्या एका गिऱ्हाइकाने मला सांगितला. वेदांमध्ये 'वेन्' असा धातू आहे, त्याचा अर्थ ओढ लागणं, आतुर होणं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १२३ वं सूक्त 'वेन' याच देवतेचं आहे. त्यात 'न' आहे, आपल्या नावात 'ण'. त्यामुळे मी हा अर्थ छातीठोकपणे स्वतःला लावून घेत नाही. पण ओढ म्हटलं की नदी आठवतेच, त्याला काय करणार.

वेणा म्हणजे बाळंतपणाच्या कळा ना? असं नाव कुणी ठेवतं का?

हा प्रश्न बायका विचारतात, तोही आवाज खाली आणून. पुरुषांना बहुतेक वेळा हा शब्दच माहीत नसतो.

हो, तोही शब्द आहे. एक वेण, अनेक वेणा. तो 'वेदना' या शब्दावरून घासत घासत आलाय. "तिला वेणा सुरू झाल्या," असं आमच्याकडच्या म्हाताऱ्या अजून म्हणतात. तरुण मुली 'कळा' म्हणतात आणि दवाखान्यात 'पेन्स' म्हणतात. नदीचं नाव आणि हा शब्द यांची मुळं वेगळी, रूप मात्र तंतोतंत एक झालं. मराठीत असं होतं. 'माळ' म्हणजे फुलांची माळही आणि उजाड रानही.

माझ्या जन्माच्या वेळी घरात यावरून वाद झाला होता म्हणे. आईच्या माहेरचे म्हणाले, पोरीला हाक मारली की बाळंतिणीची खोली आठवेल. आजीने (वडिलांच्या आईने) निवडता निवडता सुपातून मान वर केली आणि म्हणाली, "मग? वेणा आल्याबिगर ही आली का?" विषय तिथेच मिटला.

तरीही ज्यांना तो अर्थ सलतो त्यांनी सरळ जोडाक्षर घेऊन 'वेण्णा' लिहावं. कळांचा शब्द कुणी तसा लिहीत नाही.

एक मात्र सोसावं लागतं. एका कार्यालयातून माझा एक दाखला आला, त्यावर नाव होतं 'वेदना'. टाइप करणाऱ्याने दोन अक्षरं मारली असतील, पुढचा शब्द यंत्राने सुचवला असेल आणि त्याने होकार दिला असेल. भाषाशास्त्राच्या दृष्टीने यंत्र अगदीच चुकलं नव्हतं! पण दुरुस्तीसाठी मला तीन चकरा माराव्या लागल्या, आणि दर खेपेला खिडकीतून पुकारा व्हायचा, "वेदना कोण आहे?"

मग बरोबर काय, वेणा की वेण्णा?

दोन्ही. नदीचं आजचं नाव सरकारी कागदांवर, धरणाच्या फलकावर आणि वर्तमानपत्रांत 'वेण्णा' असं असतं. माणसाचं नाव म्हणून 'वेणा' जुनं आणि रुळलेलं आहे. बोलताना साताऱ्याकडचा माणूस ण्ण वर नीट थांबतो, सांगलीत तो एकेरीच होतो.

इंग्रजांची तऱ्हा तिसरीच. १८८५ च्या सातारा गॅझेटियरमध्ये आणि महाबळेश्वरच्या जुन्या इंग्रजी वर्णनांत ही नदी 'येन्ना' आहे. तळंही येन्ना, लिंगमळ्याचा धबधबाही येन्ना. हे 'य' कुठून आलं असेल? माझा अंदाज साधा आहे. डोंगरातला माणूस 'वे' म्हणताना ओठ फारसे मिटत नाही, 'येण्णा'सारखंच ऐकू येतं, आणि साहेबाने जे ऐकलं ते लिहिलं. आजीही 'येण्णा'च म्हणायची, आणि तिचं स्वतःचं माहेरचं नाव होतं वेणा. नदीला येण्णा आणि स्वतःला वेणा. विचारलं की म्हणायची, "ती येगळी, मी येगळी."

इंग्रजी स्पेलिंगमध्ये एकच 'एन' टाकला तर परराज्यातले लोक 'वीना' वाचतात. दोन 'एन' टाकले तर 'वेन्ना' वाचतात. 'ण' इंग्रजीत नाहीच, तेव्हा एक काहीतरी ठरवून सगळ्या कागदांवर तेच ठेवायचं. मी दोन 'एन'वाली.

हे नाव किती जुनं आहे?

नदीचं म्हणाल तर फार जुनं. कृष्णेला जुन्या ग्रंथांत नुसतं कृष्णा न म्हणता कृष्णवेणा, कृष्णवेण्णा, कृष्णवेणी असं म्हटलेलं सापडतं. म्हणजे दोन नद्यांची नावं मिळून एक. दक्षिणेत मुलीचं नाव म्हणून 'कृष्णवेणी' आजही भरपूर आहे. आपल्याकडे त्यातली कृष्णा राहिली आणि वेणी केसांत गेली.

भुवनेश्वरजवळ उदयगिरीला हाथीगुंफा म्हणून लेणं आहे. तिथे कलिंगच्या खारवेल राजाचा इसवी सनापूर्वीचा प्राकृत शिलालेख आहे. त्यात त्याचं सैन्य 'कन्हबेंणा' नदीपर्यंत पोहोचल्याचं कोरलंय. ही कन्हबेंणा म्हणजे आपली कृष्णा असं काही अभ्यासक म्हणतात. विदर्भातल्या कन्हान आणि वैनगंगेकडे बोट दाखवणारेही आहेत. वैनगंगेतलं 'वैन' हे याच शब्दाचं रूप. शिवाय हिंगणघाट जिच्या काठी वसलंय ती वेणा, तिला तिकडे वणाही म्हणतात. नागपूर-वर्ध्याकडचं गिऱ्हाईक दुकानात आलं की हमखास म्हणतं, "अरे, ही तर आमची नदी!" मी भांडत नाही. एका नावाच्या चार बायका गावात असतात, तशा नद्याही असणार.

आता कथेचं. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात गोमुखातून पाणी पडतं, ते कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचं मानतात. सरस्वती आणि भागीरथी धरून सात म्हणणारेही आहेत. सह्याद्रीवर ब्रह्मदेवाने यज्ञ मांडला. त्याची बायको सावित्री, तिला यायला उशीर झाला, म्हणून तिच्या जागी गायत्रीला बसवलं. सावित्री आली, बघितलं, संतापली आणि सगळ्यांना शाप दिला की पाणी होऊन वाहा. विष्णूची कृष्णा झाली, शंकराची वेण्णा, ब्रह्मदेवाची ककुद्मती, म्हणजे कोयना. तेव्हा वेणा हे शंकराचं रूप आहे. मुलीला शंकर म्हणायची ही आडवाट मला फार आवडते. आणि सावित्रीने तरी काय चुकीचं केलं? तिच्या पाटावर दुसरी बसवली होती.

पुराणातला वेन राजा पापी होता म्हणे. त्याचा या नावाशी संबंध?

काही नाही. तो वेन, पुरुष, पृथु राजाचा बाप. यज्ञयाग बंद करून माझीच पूजा करा म्हणाला आणि ऋषींनी त्याला मारलं. एखादे काका बारशात हे हमखास काढतात. त्यांना आधी पेढा द्यावा.

वेणा, वेणू, वीणा ही एकाच नावाची रूपं आहेत का?

नाही. वीणा वाद्य. वेणू म्हणजे बांबू, त्यावरून बासरी. कराडच्या वेणूताई चव्हाण, यशवंतराव चव्हाणांच्या पत्नी, यांच्यामुळे सातारा जिल्ह्यात वेणूताई हे नाव घराघरात माहीत आहे. १९४२ साली त्यांचं लग्न झालं, घरावर चळवळीचं सावट असतानाच. १९८३ मध्ये त्या गेल्या आणि यशवंतरावांनी कराडात त्यांचं स्मारक उभं केलं. त्यांच्या पिढीत वेणू, वेणूबाई ही नावं सर्रास होती. गोंधळ होतो तो घरातल्या हाकेमुळे. कित्येक वेणूबाईंना लाडाने 'वेणा' म्हणायचे. जुन्या वेणा कोण आणि वेणू कोण हे आता त्यांच्या माहेरच्यांनाच ठाऊक.

या नावाची कुणी मोठी बाई होऊन गेली का?

झाली, आणि सांगली-सातारा दोन्हीकडची. मिरजेच्या वेणाबाई, संप्रदायात वेणास्वामी. समर्थ रामदासांच्या शिष्या.

बालविधवा. सतराव्या शतकातली मिरज, सासरचं घर, एकनाथी भागवत वाचत बसलेली कोवळी मुलगी. परंपरा सांगते की समर्थ भिक्षेला आले, वाचतेस ते समजतं का म्हणून त्यांनी विचारलं आणि ही घाबरून आत पळण्याऐवजी उलट त्यांनाच प्रश्न विचारत राहिली. पुढे ती कीर्तनाला जाऊ लागली तशी गावात कुजबुज सुरू झाली. कुजबुज इतकी वाढली की घरच्यांनीच तिला विष दिलं, आणि समर्थकृपेने ती त्यातून वाचली, अशी कथा आहे. मग तिने घर सोडलं.

विषाची कथा भाविकांची म्हणून बाजूला ठेवली, तरी पुढचं उरतंच. समर्थांनी तिला उभं राहून कीर्तन करायची मुभा दिली. विधवेने चारचौघांत उभं राहायचं, वीणा-टाळ घेऊन निरूपण करायचं, आणि पुरुषांनी खाली बसून ऐकायचं, ही त्या काळी केवढी गोष्ट! मिरजेचा मठ तिच्या हाती दिला. तिने 'सीतास्वयंवर' लिहिलं, 'उपदेशरहस्य', 'कौल', 'रामगुहसंवाद' आणि 'पंचीकरण' या तिच्या आणखी रचना. 'सीतास्वयंवरा'त लग्नघराची जी बारीक बारीक वर्णनं आहेत, मांडव, रुखवत, मानपान, ती वाचताना मला नेहमी वाटतं, स्वतःच्या वाट्याला जे आलं आणि लगेच गेलं, ते हिने दुसरीच्या लग्नात पोटभर लिहून घेतलं.

शके १६००, म्हणजे १६७८ साली तिने सज्जनगडावर समर्थांसमोर कीर्तन करता करता देह ठेवला असं सांगतात. गडावर तिची समाधी आहे. मिरजेत ब्राह्मणपुरीत मठ आहे. सांगलीहून मिरजेला अर्ध्या तासात जाता येतं, सज्जनगड साताऱ्यापासून जवळच. नाव ठेवायचं ठरवलंत तर दोन्ही बघून या, मुलीला पुढे सांगायला बरं.

नदीचं नाव मुलीला ठेवू नये, असं शास्त्रात आहे ना?

आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात, कोणत्या मुलीशी लग्न करू नये त्या यादीत, नक्षत्राचं, झाडाचं, नदीचं, डोंगराचं नाव असलेल्या मुली टाकल्यात. आता बघा, आपल्या आज्या-पणज्या कोण होत्या? गोदा, गंगा, यमुना, कृष्णा, नर्मदा, कावेरी, भागीरथी. रोहिणी, रेवती, तुळसा तर विचारूच नका. सगळ्यांची लग्नं झाली, पोरंबाळं झाली. मराठी माणसाने हा श्लोक इतक्या एकमताने धाब्यावर बसवलाय की त्याबद्दल आपली पाठ थोपटायला हरकत नाही.

वाईला तर नदीला 'कृष्णाबाई' म्हणतात आणि घाटाघाटावर तिचा उत्सव करतात. नदीला बाई म्हटलेलं चालतं, मग बाईला नदी म्हटलेलं का चालू नये?

मग हे नाव इतकं दुर्मीळ का?

दुकान चालवायला लागून मला अकरा वर्षं झाली. एवढ्या अर्जांत मी हे नाव दुसऱ्या कुणासाठी चार वेळा टाइप केलंय, त्यातल्या तिघी साठीच्या पुढच्या होत्या.

एक कारण उघड आहे. लांबच्या तीर्थाच्या मोठ्या नद्यांची नावं लोक घेतात, दाराशी वाहणारीचं घेत नाहीत. कोयना नावाची मुलगी तुम्हाला कधीतरी भेटेल, पण वारणा, उरमोडी, येरळा? दुसरं कारण वर आलंच, कळांचा अर्थ.

तिसरं कारण मला माझ्या आजीच्या कागदांत सापडलं, आणि मला तेच खरं वाटतं.

आजी मेढ्याच्या बाजूची. माहेरचं नाव वेणा. लग्न करून भिलवडीच्या बाजूला आली, आणि लग्नात ताटात तांदूळ पसरून आजोबांनी अंगठीने नाव लिहिलं, 'कमल'. त्या दिवसापासून रेशनकार्डावर कमल, मतदारयादीत कमल, पोरांच्या शाळेच्या दाखल्यावर आई म्हणून कमल. वेणा म्हणणारे लोक डोंगरापलीकडे राहिले आणि एकेक करून गेले.

पुढे माहेरच्या जमिनीचं वाटप निघालं. सातबारावर वारस म्हणून नाव होतं वेणा, सही करायला आलेली बाई होती कमल, आणि हक्कसोडपत्र काही होईना. मग प्रतिज्ञापत्र करावं लागलं, की 'वेणा' आणि 'कमल' ही एकाच व्यक्तीची नावं आहेत. तेव्हा मी कॉलेजात होते. कोर्टाच्या आवारात झाडाखाली बसलेल्या टायपिस्टसमोर आजी उकिडवी बसलेली, पदराचं टोक दातात. त्याने मजकूर वाचून दाखवला तेव्हा ती मध्येच म्हणाली, "पुन्हा वाच." त्याने पुन्हा वाचला. "हां," म्हणाली आणि अंगठा पुढे केला. खरं तर तिला सही येत होती. पण ती 'कमल' अशीच शिकली होती.

अशा किती वेणा कमल, सुशीला, लक्ष्मी होऊन गेल्या असतील! नाव लोकांनी ठेवलं नाही असं नाही, ते टिकू दिलं नाही. माहुलीच्या पुढे नदीचंही हेच. संगमाच्या वर वेण्णा, खाली कृष्णा. सांगलीच्या आयर्विन पुलाखालून जाणाऱ्या पाण्यात मेढ्याचं पाणी आहेच, पण इथे त्याला वेण्णा म्हणणारं कोणी नाही.

साताऱ्यात मुलींची नावं बदलण्याचा कार्यक्रम झाला होता, त्यातलंच हे नाव का?

नाही, तो वेगळा विषय, पण विचारलंत ते बरं झालं. मुलग्याच्या आशेत मुलींवर मुली झाल्या की शेवटच्या मुलीला 'नकोशी', 'नकुसा' म्हणायची चाल होती. २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात जिल्ह्यातल्या अशा २८५ मुलींना नवी नावं देण्यात आली. काहींनी स्वतःची नावं स्वतः निवडली.

माझ्या धंद्याच्या अनुभवावरून एक सांगते. समारंभात नाव मिळतं, पण शाळेचा दाखला, आधार, बँकेचं पासबुक हे सगळं नंतर एकेक करून बदलावं लागतं. अजून कधीतरी तिशीकडे आलेली एखादी बाई येते, जुना कागद पालथा ठेवते आणि म्हणते, "ताई, हे नाव मोठ्यांदा वाचू नका." मी वाचत नाही.

रास कोणती?

'वे' म्हणजे मृग नक्षत्राचा पहिला चरण, वृषभ रास. नक्षत्रावरून नावाचं अक्षर सांगणाऱ्या अवकहडा चक्रात वे, वो, का, की ही मृगाची अक्षरं. पावसाचं नक्षत्र आणि नदीचं नाव, जुळलंय छान. पण अक्षर निघत नाही म्हणून नाव सोडू नका. पत्रिकेतलं नाव एक आणि हाकेचं दुसरं हे आपल्याकडे चालतंच.

जन्मदाखल्यावर नाव घालताना काय बघावं?

जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. नाव तेव्हाच द्यायला हवं असं नाही. नोंद झाल्यापासून वर्षभरात बाळाचं नाव विनाशुल्क घालता येतं. त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. तरी लांबणीवर टाकू नका. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो.

आपल्या राज्यात आणखी एक बदल झालाय. १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदांवर बाळाचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं नाव, मग आडनाव असा क्रम आहे. आजी असती तर मी तिला हा दाखला दाखवला असता. अर्थात तिने विचारलं असतं, "आईचं कंचं नाव? माहेरचं का सासरचं?" आणि ते चूक नव्हतं. आईचं नाव तिच्या स्वतःच्या कागदांवर जसं आहे तसंच घाला, नाहीतर पुढे प्रतिज्ञापत्रं.

दाखला हातात पडला की खिडकीवरच उभं राहून वाचा, मराठी ओळही आणि इंग्रजी ओळही. 'वेणा'चं 'वेना' होतं, 'वीणा' होतं आणि काय काय होतं ते मी वर सांगितलंच. तिथल्या तिथे धरली तर चूक लवकर सुधारते. मोठेपणी नाव बदलायचं तर राजपत्राची वाट आहे: ऑनलाइन अर्ज, जुन्या नावाचा पुरावा, कारण, शुल्क. राजपत्रात प्रसिद्ध झालेलं पान पीडीएफ करून तीन ठिकाणी जपून ठेवा. हरवलं म्हणून रडत आलेले मी पाहिलेत.

शाळेत चिडवतात का?

चिडवतात. वेणी ओढून "वेणाची वेणी" म्हणतात. दुसरीपर्यंत रडायला येतं, पुढे सवय होते.

मोठेपणी चिडवणारा ऋतू पावसाळा. जुलै-ऑगस्टमध्ये टीव्हीवर बातमी येते की कण्हेर धरणातून वेण्णा नदीत इतके क्युसेक पाणी सोडलं, आणि लगेच माझा फोन वाजतो. "काय गं, किती सोडलंस?" सांगलीकराला कोयना, धोम, कण्हेर ही नावं पाढ्यांसारखी पाठ असतात, कारण त्यावर त्याचं सामान माळ्यावर चढवायचं की नाही ते ठरतं. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका ४५. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या आसपास गेलं होतं. माझ्या दुकानाच्या पाटीला अर्ध्यापर्यंत गाळ लागला होता. 'वेणा' मधला 'वे' नुसता मात्रेपुरता दिसत होता. शेजारचे भांडीवाले मामा चिखल उपसता उपसता म्हणाले, "बाई, तुमचंच पाणी तुमच्याच दुकानात आलं, तक्रार कुणाकडं करायची?" तेव्हा चार दिवसांनी पहिल्यांदा हसलो सगळे.

हाक कशी मारायची? विभक्ती कशी लावायची?

हाक 'वेणे'. "ए वेणे, हिकडं ये की." ही हाक लांबवर जाते, शिवारातून घरापर्यंत. मैत्रिणी 'वेणू' म्हणतात, नवरा 'वेणा' म्हणतो आणि रागावला की 'मॅडम'.

विभक्तीची गंमत आहे. नदी असली की 'वेण्णेला पूर आला', 'वेण्णेच्या काठाला', जसं कोयनेचं, कृष्णेचं. बाई असली की 'वेणाला सांग', 'वेणाचा फोन'. माणसाच्या नावाला मराठी तितकीशी वाकवत नाही. नदी मात्र वळणारच.

तुम्हाला स्वतःला कधी नाव बदलावंसं वाटलं का?

'वेदना'वाल्या दाखल्याच्या वेळी, दोन दिवस.

लग्नात विचारलं होतं सगळ्यांनी. सासूबाईंनी 'मानसी' काढून ठेवलं होतं, गुरुजींनाही सांगून ठेवलं होतं. नवऱ्याला मी आधीच आजीच्या प्रतिज्ञापत्राची झेरॉक्स दाखवली होती. तो काही बोलला नव्हता, त्यामुळे मलाही खात्री नव्हती. ताट पुढे आलं. आंबेमोहोर तांदूळ, वर हळदीकुंकवाची बोटं. त्याने अंगठी घेतली आणि लिहिलं, 'वेणा'. सासूबाई पुढे वाकून वाचायला लागल्या. 'ण'ची दांडी तांदूळ घसरून बुजली होती आणि ते 'वेगा' की काय असं दिसत होतं. मी हात पुढे केला आणि बोटाने दांडी परत ओढली.